हवामानबदल : वर्गात वाद कशाचा घालावा?



मृग कोरडा गेला किंवा ऐन सुगीत अवकाळी पावसाने उभे पीक आडवे केले, म्हणजे वर्गातील एखादे चौकस मूल विचारतेच, "गुरुजी, हवामानबदल म्हणतात तो हाच का?" या प्रश्नाला घाईने 'होय' म्हणणे जितके चुकीचे, तितकेच 'पूर्वीही असे होतच असे' म्हणून तो उडवून लावणे चुकीचे. ज्या मुलाच्या घरचे पीक गेले, त्याला खरे उत्तर मिळालेच पाहिजे. त्या उत्तरात सिद्ध झालेला भाग कोणता व वादाचा भाग कोणता, याची फोड प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

प्रथम शब्दांचा घोटाळा दूर केला पाहिजे. भूगोलात आपण 'हवा' आणि 'हवामान' हे दोन शब्द वेगळे शिकवितो. आजचे ऊन व उद्याचा पाऊस ही हवा. सुमारे तीस वर्षांच्या हवेची सरासरी स्थिती म्हणजे हवामान. वर्तमानपत्रातील 'हवामानाचा अंदाज' हा वस्तुतः हवेचा अंदाज असतो. त्यामुळे मुलांचा गोंधळ होतो. एका कोरड्या मृगावरून हवामान बदलले असे ठरत नाही आणि एका हिवाळ्यातील कडाक्याच्या थंडीवरून ते बदलले नाही, असेही ठरत नाही.

आता सिद्ध भाग पाहू. कार्बन डायऑक्साइड वायू उष्णता शोषून धरतो, हे टिंडल या शास्त्रज्ञाने १८५९ च्या सुमारास प्रयोगाने दाखविले. हा वायू वाढल्यास पृथ्वी किती तापेल, याचे गणित स्वीडनच्या अऱ्हेनियसने १८९६ मध्ये मांडले. हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर कीलिंग यांनी १९५८ पासून या वायूचे नियमित मापन सुरू केले. तेव्हा हवेच्या दर दहा लक्ष भागांत त्याचे सुमारे ३१५ भाग होते. आता ते ४२० च्या वर गेले आहेत. ही वाढ मुख्यतः कोळसा व खनिज तेल जाळल्यामुळे झाली. १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेने २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक होते. सूर्यच अधिक तापला असेल, अशी शंका कोणी काढील. तसे असते तर वातावरणाचे वरचे व खालचे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापत आहे आणि वरचा निवत आहे.

'दुष्काळ काय पूर्वी पडत नव्हते?' हा आक्षेप गावात हमखास ऐकू येतो. १८७६ ते १८७८ चा आणि १९७२ चा दुष्काळ कोण विसरेल? आक्षेपातील विधान खरे आहे; परंतु प्रश्न संकटे नवी आहेत का हा नसून त्यांचे प्रमाण बदलत आहे का, हा आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञ व त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले. महाराष्ट्राचा मोठा भाग याच पट्ट्यात येतो.

यापुढे वादाचा प्रांत लागतो. हवेतील हा वायू मूळच्या दुप्पट झाला तर तापमान बहुधा २.५ ते ४ अंशांनी वाढेल, असे आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञमंडळाच्या २०२१ च्या अहवालात म्हटले आहे; म्हणजे संकट निश्चित असले तरी त्याची खोली काही अंशी अनिश्चित आहे. भार कोणी उचलावा, हा दुसरा वाद. भारतातील दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. तरीही २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट भारताने २०२१ मध्ये जाहीर केले. हे न्याय्य आहे काय, यावर सातवीची मुलेही विचार करू शकतात.

मात्र वाद गावापर्यंत आणल्यावाचून तो सजीव होत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या पर्जन्यछायेतील गावी पडलेला पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसे व जनावरे यांचे पाणी राखून मग पिके ठरवितात. शेतीसाठी विंधनविहिरी घेण्यासही तेथे बंदी आहे. हे काम दुष्काळाशी झुंजताना सुरू झाले. परंतु लहरी होत चाललेल्या पावसाला तोंड देण्यासही तेच उपयोगी आहे. तेव्हा वर्गात विषय ठेवावा : 'आपल्या गावाने पाण्याचा ताळेबंद पाहूनच पिके घ्यावीत.' कर्ज काढून विहीर खोदणाऱ्या शेतकऱ्याची बाजूही कोणी तरी कळकळीने मांडली पाहिजे. पुढील आठवड्यात पक्षांची अदलाबदल करावी. नियम एकच असावा : प्रत्येक विधानाला 'हे तुला कसे कळले?' असे विचारता येईल.

दोन गोष्टी टाळाव्यात. मुलांना भयभीत करू नये आणि एक रोप लावले की काम संपले, असे खोटे समाधानही देऊ नये. त्याऐवजी शाळेत साधा पर्जन्यमापक ठेवून रोजची नोंद मुलांकडून करवावी आणि ती वही वर्षानुवर्षे जपावी. आज वहीत उमटेल ती केवळ हवा असेल. तीस वर्षांनी तीच वही गावाचे हवामान सांगेल.