एकाच घरातील अनेक स्मार्ट स्पीकर आणि त्यांची समकालिकता

घरात एकाहून अधिक स्मार्ट स्पीकर ठेवून त्या सर्वांतून एकच गायन ऐकण्याची सोय आता सामान्य झाली आहे. सोनोस या अमेरिकी कंपनीने निरनिराळ्या खोल्यांत बिनतारी मार्गाने एकच संगीत पोहोचविणारी यंत्रे २००५ साली विक्रीस आणली. ॲमेझॉनचा एको २०१४ साली व गूगलचा होम २०१६ साली आला. वापरणाऱ्याच्या दृष्टीने हे काम सोपे आहे. भ्रमणध्वनीवर दोन स्पीकरांची नावे एका गटात घातली की झाले. तथापि तारेने जोडलेले दोन स्पीकर आणि बिनतारी जोडलेले दोन स्पीकर यांत मूलतःच भेद आहे. तारेच्या जोडणीत एकाच प्रवर्धकातून निघालेला विद्युत्संकेत दोहोंस जवळजवळ एकाच क्षणी मिळतो. एकत्र वाजणे तेथे आपोआप घडते. बिनतारी जोडणीत मात्र प्रत्येक स्पीकर हा स्वतंत्र संगणक असून त्याचे घड्याळही स्वतंत्र असते. म्हणून एकत्र वाजणे तेथे मुद्दाम घडवून आणावे लागते. ते कसे घडते आणि त्यास मर्यादा कोणत्या, याचे विवेचन करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम कानाची अपेक्षा किती काटेकोर आहे ते पाहू. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४३ मीटर असतो; म्हणजे एका मिलिसेकंदात ध्वनी सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. बाजूने येणारा ध्वनी एका कानास दुसऱ्याच्या आधी पोहोचतो. हे अंतर जास्तीत जास्त दोनतृतीयांश मिलिसेकंदाच्या आसपास असते, आणि त्यावरून आपण दिशा ओळखतो. अनुकूल परिस्थितीत सुमारे १० मायक्रोसेकंदांचा फरकही कानास जाणवतो. सबब, डावा आणि उजवा अशी स्पीकरांची जोडी करावयाची असेल तर त्यांच्या घड्याळांतील चूक काही दशक मायक्रोसेकंदांपलीकडे जाऊन चालत नाही. ती जाऊ लागली, तर गायकाचा आवाज मध्यभागी स्थिर न राहता एका बाजूस सरकतो. शिवाय सारख्याच तीव्रतेचे दोन ध्वनी १ मिलिसेकंदाच्या अंतराने मिसळले, तर ५००, १५००, २५०० हर्ट्झ या क्रमाने काही कंप्रता लोप पावतात आणि स्वराचा पोत बिघडतो.

वेगवेगळ्या खोल्यांतील स्पीकरांच्या बाबतीत कान अधिक उदार आहे. हेल्मुट हास यांनी १९४९ साली गटिंगेन येथे केलेल्या संशोधनातून असे दिसून आले की, एकच ध्वनी सुमारे १ ते ३० मिलिसेकंदांच्या अंतराने दुसऱ्यांदा आला तर तो निराळा ऐकू येत नाही. आधी आलेल्या ध्वनीच्या दिशेनेच सर्व ध्वनी येत असल्याचा भास होतो. हे अंतर ५० मिलिसेकंदांच्या पुढे गेले की बोलण्यात प्रतिध्वनी जाणवू लागतो. अर्थात्, ‘स्पीकर एकत्र वाजतात’ या एकाच वाक्याचे दोन अर्थ आहेत, आणि त्यांस लागणाऱ्या अचूकतेत शेकडो पटींचा फरक आहे.

आता घड्याळांकडे वळू. प्रत्येक स्पीकरातील घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकाच्या कंपनांवर चालते. कोणतेही दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. तापमानानेही त्यांची गती किंचित बदलते. दोन घड्याळांत दशलक्षांत ५० भागांचा फरक आहे असे धरू. हा फरक क्षुल्लक वाटतो. पण एका मिनिटात तो ३ मिलिसेकंद आणि एका तासात १८० मिलिसेकंद होतो. म्हणजे मैफलीच्या आरंभी अचूक जुळलेले दोन स्पीकर विलंबित ख्याल संपण्यापूर्वीच एकमेकांस प्रतिध्वनी देऊ लागतील. एकदा जुळवून हे काम भागत नाही. जुळवणी अखंड चालू ठेवावी लागते.

या जुळवणीची रीत संगणकजालातील घड्याळांसाठी तयार झालेल्या रीतीवर आधारलेली आहे. तिचा नियम डेव्हिड मिल्स यांनी १९८५ साली प्रसिद्ध केला. अधिक काटेकोर गरजांसाठी आयईईई १५८८ हे मानक २००२ साली आले. मूळ कल्पना एका उदाहरणाने स्पष्ट होईल. अनुयायी स्पीकर आपल्या घड्याळात १०० मिलिसेकंद झाले असता प्रमुख स्पीकरास पृच्छा करतो. प्रमुखास ती त्याच्या घड्याळाप्रमाणे ३५२ वर मिळते आणि तो ३५३ वर उत्तर धाडतो. अनुयायास ते स्वतःच्या १०७ वर पोहोचते. जाताना दिसणारा फरक २५२, येताना दिसणारा २४६. यांची सरासरी २४९. म्हणजे अनुयायाचे घड्याळ २४९ मिलिसेकंद मागे आहे, आणि संदेशास एका वाटेने ३ मिलिसेकंद लागतात.

या गणितात एक गृहीत दडलेले आहे : जाण्यास व येण्यास सारखाच वेळ लागतो. वाय-फायवर हे क्वचितच खरे असते. कारण एकच लहरमार्ग अनेक साधने वाटून घेतात आणि प्रत्येकास आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते. दोन वाटांत जितका फरक, त्याच्या निम्मी चूक उत्तरात शिरते. म्हणून पृच्छा वारंवार करून, ज्या फेरीस सर्वांत कमी वेळ लागला तिच्यावर अधिक विसंबावयाचे, असा मार्ग पत्करतात. पुढे मोजलेल्या फरकांवरून घड्याळाची गती किती पुढे वा मागे आहे हे काढून, अनुयायी स्पीकर ध्वनीचे नमुने किंचित जलद अथवा सावकाश वाजवितो. सेकंदास ४८,००० नमुने असतील, तर वरील उदाहरणातील फरक भरून काढण्यास सेकंदास सरासरी २.४ नमुन्यांची दुरुस्ती पुरते. ती सफाईने केली तर कानास कळत नाही.

घड्याळे जुळली की उरलेले काम सरळ आहे. ध्वनीच्या प्रत्येक पुडक्यावर ते केव्हा वाजवावयाचे ती भविष्यातील वेळ लिहिलेली असते. प्रत्येक स्पीकर ते पुडके साठवून ठेवतो आणि ती वेळ येताच वाजवितो. साठवण जितकी मोठी, तितके वाटेतील अडथळे अधिक पचतात. परंतु त्याची किंमत विलंबाच्या रूपाने द्यावी लागते. केवळ संगीत ऐकताना दोन सेकंदांच्या विलंबाने बिघडत नाही. दूरचित्रवाणीवर मात्र तितक्याने ओठ व शब्द यांची फारकत होते.

घड्याळे सर्वथा अचूक झाली, तरी ध्वनीचा वेग शिल्लक राहतोच. श्रोत्यापासून एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा १० मीटर दूर असेल, तर त्याचा ध्वनी २९ मिलिसेकंद उशिराच येणार. ही उणीव एका जागेपुरती भरून काढता येते. घरभर वावरणाऱ्या माणसासाठी नाही.

येथवरचे सर्व प्रश्न पदार्थविज्ञानाचे व गणिताचे आहेत, आणि ते बहुतांशी सुटलेले आहेत. न सुटलेला प्रश्न निराळाच आहे. घड्याळे जुळविण्याचे तत्त्व सर्वांस उपलब्ध असले, तरी प्रत्येक कंपनीने गटाची परिभाषा स्वतःपुरती ठेवली आहे. म्हणून एका कंपनीचा स्पीकर दुसरीच्या गटात सहसा सामील होत नाही. सोनोसने २०२० साली गूगलविरुद्ध दावा दाखल केला. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये पाच एकस्वांचा भंग झाल्याचा निर्णय दिला, आणि गटातील सर्व स्पीकरांचा आवाज एकदम कमी-जास्त करण्याची सोय गूगलला बदलावी लागली. न्यायालयीन घडामोडींनंतर २०२३ मध्ये तिने जुन्या सोयी परत आणण्यास आरंभ केला. घरातील यंत्र तेच, घड्याळेही तीच. बदलला तो केवळ करार. यंत्राची मालकी गृहस्थाकडे असली, तरी ती यंत्रे ज्या संकेताने एकत्र येतात त्या संकेताची मालकी त्याच्याकडे नसते. या दृष्टीने ब्लूटूथच्या संघटनेने २०२२ साली जाहीर केलेली ऑराकास्ट ही पद्धत लक्षणीय आहे. तीत एकाच साधनातून निघालेला ध्वनी ती पद्धत पाळणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या कितीही साधनांस, श्रवणयंत्रांसही, घेता येतो.

जिज्ञासू विद्यार्थ्यास या विषयाची पडताळणी अल्प साधनांनी करता येईल. गटातील दोन स्पीकरांपासून असमान, पण मोजलेल्या अंतरांवर एक मायक्रोफोन ठेवावा. ठरावीक अंतराने टक्‌टक् आवाज करणारे ध्वनिमुद्रण तासभर वाजवावे, आणि सेकंदास ४८,००० नमुन्यांनी ते टिपावे. प्रत्येक ठोक्याच्या दोन शिखरांमधील अंतर मोजून त्यातून मार्गातील फरकाचा वेळ वजा केला, की उरते ती घड्याळांची चूक. तिचा आलेख सतत चढत गेला तर जुळवणी होत नाही असे समजावे. करवतीच्या दात्यांसारखा दिसला, तर ती थांबून थांबून होते. आणि शून्याजवळ अरुंद पट्ट्यात राहिला, तर ती यंत्रे खरोखरच एका काळात वाजत आहेत, असे म्हणण्यास हरकत नाही.