झोळीतली थंडी

पौषातली रात्र रानात काढण्याचा प्रसंग ज्यांच्यावर येतो, अशी माणसे जालना जिल्ह्यात थोडीथोडकी नाहीत. कोणी खळ्याची राखण करतो, कोणी गव्हाला पाणी देण्यासाठी विहिरीवर थांबतो. कारण शेतीपंपाला वीज पुष्कळदा रात्रीच मिळते. जिल्ह्यातील कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडतात, ती पुढे चार-पाच महिने पाचटाच्या कोपीत राहतात. अलीकडे शहरांतील तरुण मंडळीही हौसेने डोंगरात मुक्कामाला जातात आणि दोन झाडांच्या मध्ये नायलॉनची झोळी बांधून तीत निजतात. या झोळीला इंग्रजीत हॅमक म्हणतात. हौस आणि गरज यांत अंतर मोठे आहे. पण थंडी दोघांनाही एकाच नियमाने वाजते, आणि तो नियम दोघांपैकी फारच थोड्यांच्या ध्यानात असतो.

हॅमक हा शब्द कॅरिबियन बेटांतील मूळ रहिवाशांच्या भाषेतून आला. १४९२ साली कोलंबसाच्या खलाशांनी त्यांचे हे टांगते बिछाने पाहिले आणि पुढे ते युरोपातील जहाजांवर रुळले. बेटांवरची हवा उष्ण. तेथे खालून वारा लागणे हे सुखच. परंतु थंड समुद्रांवर जाणाऱ्या आरमारी खलाशाला झोळीबरोबर एक लहान गादीही मिळे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. आपल्याकडे लुगड्याची झोळी घराघरांत होती, पण ती तान्ह्या मुलापुरती. मोठी माणसे बाजेवर किंवा भुईवर निजत.

पांघरूण ऊब निर्माण करीत नाही. ऊब शरीराची; पांघरूण तिला फक्त धरून ठेवते, आणि तेही स्वतःच्या बळावर नव्हे. कापूस, लोकर वा पिसे यांच्या तंतूंमध्ये जी हवा कोंडलेली असते, ती उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. पाणी या हवेच्या वीस-पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. दवाने भिजलेली गोधडी अंगावर गार का लागते, हे यावरून कळेल. म्हणून पांघरुणाची योग्यता त्याच्या वजनावरून न ठरता त्यात हवा किती राहते यावरून ठरते.

आता झोळीत निजलेल्या माणसाकडे पाहावे. अंगावरची दुलई फुगलेली असते, ती आपले काम करते. पाठीखालची मात्र देहाच्या भाराने दबून कागदासारखी होते. तिच्यातली हवा निघून जाते. भुईवर निजणाऱ्याच्या खाली निदान वारा तरी नसतो. झोळीच्या खालून मोकळा वारा वाहतो आणि पाठीची ऊब क्षणोक्षणी घेऊन जातो. जालन्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंच. आकाश निरभ्र असले म्हणजे पौष-माघात पहाटे पारा दहा अंशांच्याही खाली उतरतो. अशा रात्री झोळीतला मनुष्य वर दुसरी, तिसरी दुलई ओढीत राहतो आणि तरी कुडकुडतो. बाजेवर निजणाऱ्यालाही हा अनुभव थोड्या प्रमाणात येतो. म्हणून जुनी माणसे थंडीत बाजेवर आधी जाड वाकळ अंथरीत व मग पांघरुणाचा विचार करीत.

उपाय सोपा आहे. दुलई झोळीच्या आत न अंथरता बाहेरून, झोळीच्या पोटाशी टांगावी; म्हणजे देहाचा भार तिच्यावर पडत नाही आणि ती फुगलेली राहते. मात्र ती झोळीला लागून असावी. मध्ये फट राहिली तर वारा त्या वाटेने शिरतो आणि सारा खटाटोप व्यर्थ होतो. पिसांची अशी दुलई वजनाला अर्धा किलोच्या आसपास भरते, पण किमतीला दहा हजारांच्या पुढे जाते. आणि पिसे भिजली की निरुपयोगी. कृत्रिम तंतूंची याहून जड व बरीच स्वस्त, दमटपणातही बऱ्यापैकी टिकणारी. फोमची चटई सर्वांत स्वस्त, वजनालाही हलकी. ती दबत नाही म्हणून झोळीच्या आत चालते. तिचा दोष एवढाच की रात्री कूस बदलली की ती सरकते आणि खांदे उघडे पडतात.

घरच्या वस्तूंनी हे साधत नाही असे नाही. जुन्या लुगड्या-धोतरांची गोधडी बाहेरून चार दोऱ्यांनी बांधली तर तीही हेच काम करते. खर्च शून्य, भार मात्र दोन-तीन किलो. पाठीवर घेऊन डोंगर चढणाऱ्याला तो जाचतो, बैलगाडीने जाणाऱ्याला त्याचे काही नाही. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी राठ खरी, आणि आज ती हजार-दोन हजारांखाली सहसा मिळत नाही. पण चिंचोक्याची खळ दिलेली घट्ट विणीची घोंगडी वारा अडवते आणि थोडे दव पडले तरी तिची ऊब जात नाही. आत गोधडी, बाहेर घोंगडी, ही जोडी विकतच्या पुष्कळ सरंजामाला भारी आहे. आणि ज्याला झोळीचा आग्रह नाही, त्याने कडब्याचा हातभर थर घालून त्यावर सरळ निजावे. कडब्याची धाटे देहाखाली पूर्ण दबत नाहीत.

हौशी प्रवाशाला थंडी वाजली तर तो शेकोटी पेटवील, फार तर सकाळी शिंकेल. फडाच्या बांधावरच्या तान्ह्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. तोड पहाटे अंधारातच सुरू होते. आई मुलाला लुगड्याच्या झोळीत घालते आणि वरून हाती लागेल ते पांघरूण टाकते. थंडी खालून येत असते, आणि वरचे सैल कापड तोंडावर आले तर श्वास अडण्याचे भय. रात्रीची निज तर मुलाला सपाट अंथरुणावरच मिळावी, झोळीत नव्हे. डॉक्टरही हेच सांगतात. पहाटे मात्र झोळीवाचून गत्यंतर नसेल, तर लुगडे दुहेरी घेऊन दोन पदरांच्या मध्ये गोधडीची घडी घालावी. मोठ्या माणसाखाली ती दबली असती. पाच-सहा किलोच्या मुलाखाली ती पुष्कळशी फुगलेली राहते. अंगात टोपी-अंगरखा पुरेसा असावा, तोंडाजवळ काही सैल असू नये, आणि मान छातीवर दुमडणार नाही इतपत झोळी उथळ बांधावी.

जागेची निवड तर फुकटची. थंड हवा जड असल्याने ओढ्याच्या तळाशी साचते. तेथून थोडे वर, बांधाच्या आडोशाला ऊब अधिक. उघड्या आभाळाखाली शरीराची उष्णता आकाशाकडे निघून जाते. लिंबाच्या दाट झाडाखाली ती बरीचशी अडते, आणि अंथरुणावर दवही कमी पडते. एवढे करूनही गोधडी दमट झालीच, तर दिवस वर येताच ती उन्हात पसरावी आणि आतला कापूस हाताला कोरडा लागेपर्यंत घडी घालू नये.