भारतीय स्त्रियांचा फुटबॉल

हा खेळ स्त्रियांना मानवत नाही, असे ठरवून इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९२१ साली त्यांना आपल्या क्लबांच्या मैदानांवर बंदी केली. ती सुमारे पन्नास वर्षे टिकली. आपल्याकडे बंदीची गरजच पडली नाही, उपेक्षा पुरेशी होती. तरीही १९७५ साली स्त्रियांची स्वतंत्र अखिल भारतीय संघटना निघाली, आणि १९८० च्या जानेवारीत कालिकतच्या आशियाई स्पर्धेत आपल्या मुली अंतिम सामन्यापर्यंत पोहोचल्या. १९८३ साली बँकॉकलाही त्या उपविजेत्या ठरल्या. त्याच वर्षी शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार लाभला.

पुढे सामनेच विरळ झाले. दीर्घकाळ न खेळल्यामुळे २००९ साली हा संघ जागतिक क्रमवारीतून वगळला गेला. यात खेळाडूंचा दोष तो कोणता?

२०२२ साली आशियाई स्पर्धा महाराष्ट्रात भरली. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश होता आणि विश्वचषकाची वाटही येथूनच जात होती. २० जानेवारीस नवी मुंबईत इराणशी गोलशून्य बरोबरी झाली. परंतु तीनच दिवसांनी, करोनाच्या संसर्गामुळे, नियमाने आवश्यक तेवढे तेरा खेळाडूही उभे करता येईनात. संघाने माघार घेतली असे मानले गेले, आणि झालेला सामनाही रद्दबातल ठरला. घरच्या अंगणात पंगत मांडावी आणि यजमानानेच उपाशी उठावे, तसे झाले.

५ जुलै २०२५ रोजी थायलंडमधील चियांग माई येथे भारताने यजमानांना २-१ असे हरविले व पात्रता फेरी जिंकून आशियाई स्पर्धेत प्रथमच प्रवेश मिळविला. दोन्ही गोल संगीता बासफोर हिचे होते.