दोन डिसेंबर, एकच आकडा

13 डिसेंबर 2011. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेत ‘अ‍ॅटलास’ गटाने एक आलेख मांडला. 126 जीईव्ही वस्तुमानापाशी त्यात उंचवटा होता, 3.6 सिग्माचा (सिग्मा हे योगायोगी चढउताराचे माप). 15 डिसेंबर 2015 रोजी त्याच गटाला 750 जीईव्हीपाशी नवा उंचवटा दिसला. मापही तेच, 3.6 सिग्मा.

पहिला हिग्ज बोसॉन या कणाचा निघाला. दुसऱ्यामागे काहीच नव्हते.

संख्याशास्त्रातली चाचणी ‘नवे काही घडलेले नाही’ या शून्य गृहीतकापासून सुरू होते. ते खरे असताना फेटाळले, तर पहिल्या प्रकारची चूक. खोटे असूनही फेटाळले नाही, तर दुसऱ्या प्रकारची. ही विभागणी नेमन आणि पिअर्सन यांनी 1930च्या दशकात रूढ केली.

निव्वळ योगायोगाने 3.6 सिग्माचा उंचवटा येण्याची शक्यता सुमारे सहा हजारांत एक. पण तो कुठे येईल हे आधी ठरलेले नव्हते. वस्तुमानाचा सगळा पट्टा धुंडाळला, की कुठे ना कुठे योगायोगाशी गाठ पडतेच. हा हिशेब धरताच दोन्ही वेळचे आकडे 2 सिग्माच्या आसपास उतरले. म्हणजे साधारण चाळिसांत एक!

म्हणूनच कणभौतिकीत शोध जाहीर करायला 5 सिग्मा लागतात, सुमारे 35 लाखांत एक. ही अट पहिली चूक रोखते, पण दुसरीला वाट देते. 2011 मध्येच मोजणी थांबली असती, तर खराखुरा हिग्ज योगायोगांच्या ढिगात पडून राहिला असता.

रक्तपेढीतल्या एचआयव्ही चाचणीचा कल नेमका उलटा असतो. चांगली पिशवी बाद झाली तरी चालेल, दूषित पिशवी सुटता कामा नये.

दोन्ही चुका एकाच वेळी कमी करायच्या, तर अधिक मोजमापे हवीत. ती मिळाल्यावर 4 जुलै 2012 रोजी ‘अ‍ॅटलास’ आणि ‘सीएमएस’ हे दोन्ही गट 5 सिग्मांपर्यंत पोहोचले.

750 जीईव्हीच्या ‘कणा’वर ऑगस्ट 2016 पर्यंत जवळपास 500 सैद्धांतिक निबंध लिहून झाले होते. त्याच महिन्यात शिकागोच्या परिषदेत सुमारे चौपट नवी मोजमापे घातलेला आलेख पडद्यावर आला. 750पाशी रेषा सपाट होती.