सोपे शिखर, विरळ हवा

नेपाळमध्ये एव्हरेस्टच्या दक्षिणेस, हिंकू खोऱ्याच्या माथ्यावर असलेले मेरा शिखर हे मार्गदर्शकाच्या सोबतीने नवशिक्या गिर्यारोहकालाही चढता येण्याजोगे हिमशिखर म्हणून ओळखले जाते. त्याचे उत्तरेकडील टोक 6,476 मीटर उंच असले, तरी बहुतेक गट 6,461 मीटर उंचीच्या मध्य शिखरावर जातात. एव्हरेस्टवर मानवाचे पहिले पाऊल पडण्याच्या नऊच दिवस आधी, 20 मे 1953 रोजी, जिमी रॉबर्ट्स आणि सेन तेनझिंग यांनी या शिखरावर पहिली चढाई केली. हिमनदीवरून जाणारी वाट बहुतांशी मंद चढाची आहे आणि दोराच्या आधाराने चढावा लागणारा तीव्र उतार केवळ शेवटच्या टप्प्यात लागतो, म्हणून मेराला सोपे म्हटले जाते. मात्र हा सोपेपणा उताराचा आहे, उंचीचा नव्हे, आणि या शिखरावरील खरी कसोटी विरळ हवेत शरीराचे कार्य कसे चालते याची असते.

हवेतील प्राणवायूचे प्रमाण समुद्रकिनारी आणि शिखरावर सारखेच, म्हणजे सुमारे 21 टक्के असते. उंचीबरोबर घटतो तो हवेचा दाब. सुमारे 5,500 मीटरवर हा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो आणि मेराच्या माथ्यावर त्याहूनही कमी होतो, त्यामुळे तेवढ्याच खोल श्वासातून निम्म्याहून कमी प्राणवायू फुप्फुसांत पोहोचतो. मानेतील धमन्यांजवळच्या सूक्ष्म संवेदक ग्रंथींना रक्तातील ही घट जाणवताच श्वास जलद होतो. पण जलद श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड अधिक बाहेर पडून रक्त अल्कधर्मी बनते आणि हीच अल्कधर्मिता श्वासाच्या गतीला लगाम घालते. मूत्रपिंडे बायकार्बोनेट बाहेर टाकून हा समतोल काही दिवसांत सावरतात, तर तांबड्या रक्तपेशी पुरेशा वाढण्यास काही आठवडे लागतात. शरीराने उंचीशी जुळवून घेण्याच्या या प्रक्रियेला, म्हणजेच अ‍ॅक्लमटायझेशनला, दमसासाचा पर्याय नसतो. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई 1,646 मीटर उंच असल्याने सह्याद्रीत कितीही भटकंती केली, तरी पायांत बळ येते, पण विरळ हवेची परीक्षा तेथे होत नाही.

म्हणूनच 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात साधारण 500 मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा संकेत आहे. सुमारे 2,850 मीटरवरील लुक्ला येथून मेराकडे जाणारी जवळची वाट दोन-तीन दिवसांतच साधारण 4,600 मीटर उंचीची झात्रवा ला ही खिंड ओलांडते, तर दक्षिणेकडून वळसा घालणारी लांबची वाट शरीराला सरावण्यास अवधी देते. हा अवधी नाकारल्यास डोकेदुखी, मळमळ आणि निद्रानाश सुरू होतात. दुर्लक्ष केल्यास फुप्फुसांत पाणी साचणे किंवा मेंदूला सूज येणे या प्राणघातक अवस्था उद्भवू शकतात. विश्रांती घेत असतानाही धाप लागणे आणि सरळ रेषेत चालताना तोल जाणे ही त्यांची लक्षणे असून, प्राणवायू व औषधे मदतीला आली तरी तातडीने खाली उतरणे हाच मुख्य उपचार ठरतो.

हिमनदीचे शास्त्रही वेळापत्रक ठरवते. हिमनदी उतारावरून सरकताना तिच्या पृष्ठभागावर ताण येऊन खोल हिमभेगा पडतात आणि वाऱ्याने साचलेले हिम त्यांवर पूल बांधून त्या झाकून टाकते. रात्रीच्या थंडीत हे पूल घट्ट गोठलेले असतात, उन्हात मऊ पडतात. म्हणून सुमारे 5,800 मीटरवरील वरच्या तळावरून मध्यरात्रीनंतर निघून ऊन तापण्यापूर्वी परतीला लागण्याची पद्धत आहे. बुटांना लावलेले क्रॅम्पॉनचे पोलादी दात बर्फात रुतवत सारे जण एकाच दोराला ठरावीक अंतरावर बांधून चालतात आणि मधला दोर फारसा सैल पडू देत नाहीत, कारण पूल खचून एखादा भेगेत कोसळल्यास त्याची घसरण वेग घेण्याआधीच इतरांना आईस अ‍ॅक्स रोवून त्याला थोपवता येते. ताजे हिम 80 टक्क्यांहून अधिक प्रकाश परावर्तित करत असल्याने गडद चष्मा नसेल, तर नेत्रपटल भाजून काही तासांनी हिमांधत्व येते.

अशा चढाईत मार्गदर्शकाचे महत्त्व एखाद्याला वर खेचून नेण्यात नसून, सावकाश चाल राखण्यात, सोबत्याच्या चालण्या-बोलण्यातील बदल ओळखण्यात आणि वेळ टळल्यावर शिखर समोर दिसत असतानाही गट मागे फिरवण्यात असते. त्यामुळे मोहीम निवडताना किती दिवसांत शिखर गाठून देणार, यापेक्षा विश्रांतीचे दिवस किती राखले आहेत, मार्गदर्शकाचे प्रशिक्षण कोणते आणि परत फिरण्याची वेळ कोणती, हे प्रश्न आधी विचारावेत. त्यांची स्पष्ट उत्तरे न देणाऱ्या आयोजकाबरोबर, शुल्क कितीही कमी असले, तरी जाऊ नये.