रहस्यकथेतून कॉलेजच्या कट्ट्यावर

मराठीत कॉलेजवयीन प्रेमकथेचा लेखक म्हटलं की आजही पहिलं नाव येतं सुहास शिरवळकरांचं (१९४८–२००३). वाचकांचे ‘सुशि’.

सुरुवात मात्र प्रेमकथेची नव्हती. फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास, दारा बुलंद, मंदार पटवर्धन असे नायक घेऊन ते रहस्यकथा लिहीत राहिले. वाचकाला पान उलटायला लावण्याचं कसब तिथेच कमावलं. पुढे तेच कसब त्यांनी तरुण मनाच्या गुंत्यासाठी वापरलं, आणि ‘दुनियादारी’ घडली. पुण्याच्या एस. पी. कॉलेजचा कट्टा, श्रेयस, दिग्या, शिरीन, मीनू. ही मुलं पुस्तकी बोलत नाहीत. शिव्या देतात, अडखळतात, खोटंही बोलतात. त्या काळच्या गुळगुळीत प्रेमकथांपुढे हे धाडसच होतं.

कादंबरी १९८२ची.

लेखकाच्या निधनानंतर दहा वर्षांनी, जुलै २०१३मध्ये, संजय जाधव यांनी ‘दुनियादारी’ पडद्यावर आणली. स्वप्नील जोशी, अंकुश चौधरी, सई ताम्हणकर, उर्मिला कानेटकर यांच्यामुळे पुढच्या पिढीला सुशि भेटले. ‘समांतर’ या त्यांच्या कादंबरीवरची वेबमालिका २०२०मध्ये आली. त्यामुळे आजच्या विद्यार्थ्याला सुशिंची गोष्ट आता मोबाइलवरही गाठता येते. तरी आधी पुस्तक वाचावं. संवादांची खरी धार तिथेच आहे.