प्रिऑन रोगांवरील संशोधन आणि सामायिक प्रयोगशाळा-संसाधने : बीड जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

बहुतेक संसर्गजन्य रोगांचे कारक जंतू प्रयोगशाळेत वाढवता येतात. प्रिऑन हा जीवाणू नाही आणि विषाणूही नाही. आपल्याच चेतापेशींच्या पृष्ठभागावर असणारे एक प्रथिन चुकीच्या रीतीने दुमडले जाते आणि शेजारच्या निरोगी प्रथिनासही तसेच दुमडावयास लावते. ही साखळी वाढत गेली की मेंदूच्या ऊतीची स्पंजासारखी चाळण होते. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये 'प्रिऑन' ही संज्ञा मांडली आणि १९९७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मानवातील सर्वाधिक आढळणारा प्रिऑन रोग म्हणजे क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोग; त्यास संक्षेपाने सीजेडी म्हणतात. विस्मरणाने किंवा तोल जाण्याने सुरू होणारा हा रोग बहुतांश रुग्णांना वर्षाच्या आत मृत्यूकडे नेतो. त्यावर उपचार नाही.

या रोगावरील संशोधन कोणत्या सामायिक साधनांवर उभे आहे आणि ग्रामीण भागातील महाविद्यालयाला त्यात कोठे जागा आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

नमुन्यांची दुर्मिळता

सीजेडीचे प्रमाण जगभर सामान्यतः दर वर्षी दहा लाख लोकसंख्येमागे एक ते दोन इतके मानले जाते. २०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती. हे प्रमाण येथे लावल्यास वर्षाला दोन ते पाच रुग्ण अपेक्षित ठरतात. हे केवळ गणित आहे, नोंद नव्हे. परंतु त्यावरून एक गोष्ट उघड होते. कोणत्याही एका जिल्ह्याला, किंबहुना एका विद्यापीठालाही, स्वतःच्या बळावर पुरेसे नमुने मिळणार नाहीत. ते एका ठिकाणी साठवून सर्वांनी वापरावे लागतात.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा आहे. डॉ. सिंघल व डॉ. दस्तूर यांनी पश्चिम भारतातील सीजेडीविषयीचा शोधनिबंध १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९९५ मध्ये बंगळूरु येथील निमहान्स या संस्थेत मानवी मेंदू-ऊतींचे भांडार उभे राहिले. अशा भांडारात मेंदूचा एक भाग फॉर्मॅलिनमध्ये, तर दुसरा उणे ऐंशी अंश सेल्सिअस तापमानात राखला जातो आणि सोबत रुग्णाचा वैद्यकीय इतिहास नोंदलेला असतो. इतिहासाविना ऊतीचे मोल निम्मे होते.

खरी अडचण मृत्यूनंतर येते. सीजेडीचे निश्चित निदान मेंदूची ऊती तपासल्यावरच होते आणि त्यासाठी कुटुंबाची संमती लागते. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९७४ पासून या भागातील रुग्णांना सेवा देत आहे. पण शवविच्छेदन म्हणजे पोलिसी प्रकरण, हीच आपल्याकडील सर्वसाधारण समजूत आहे. शोकाकुल घरात जाऊन मेंदूदानाचा विषय काढणे कोणत्याही उपकरणाच्या खरेदीपेक्षा अवघड आहे. समाजशास्त्र आणि समाजकार्य विभागांतील सहकाऱ्यांचे काम नेमके येथे सुरू होते.

धोका आणि मर्यादा

संशयित ऊती महाविद्यालयीन प्रयोगशाळेत हाताळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फॉर्मॅलिनने प्रिऑनची संसर्गक्षमता नष्ट होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शनात एक नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये तासभर बुडवणे किंवा १३४ अंशांवर १८ मिनिटे ऑटोक्लेव्ह करणे यांसारखे उपाय दिले आहेत. आपल्या वनस्पतिशास्त्र विभागातील ऑटोक्लेव्ह साधारणपणे १२१ अंशांवर चालतो. फ्रान्समध्ये २०१० मध्ये प्रयोगशाळेत झालेल्या एका जखमेनंतर संबंधित संशोधिका २०१९ मध्ये या रोगाने मरण पावली. २०२१ मध्ये तेथील पाच सार्वजनिक संशोधन संस्थांनी प्रिऑनवरील प्रयोग काही काळ थांबवले.

संसर्गाविना संशोधन

तरीही या विषयाचा मोठा भाग निर्धोक आहे आणि तोही सामायिक साधनांवरच चालतो. १९९२ मध्ये झुरिक येथे प्रिऑन प्रथिनाचे जनुक निकामी केलेला उंदीर तयार झाला. जे प्रथिन शरीरात नाही ते बदलणार कसे? त्या उंदरांना रोग झाला नाही. शिवाय सामान्य उंदीर स्वतःच्या प्रथिनाविरुद्ध सहसा प्रतिपिंडे बनवत नाही, हा उंदीर मात्र बनवतो. त्यामुळे निदानासाठी लागणारी प्रतिपिंडे मिळवणे सुकर झाले.

आरटी-क्विक ही निदानचाचणीही अशाच साधनावर उभी आहे. ई. कोलाय जीवाणूत तयार केलेले शुद्ध प्रिऑन प्रथिन घेऊन त्यात रुग्णाच्या पाठीच्या कण्यातील द्रवाचा अंश मिसळतात. द्रवात प्रिऑन असल्यास प्रथिन गुंफले जाऊन तंतू बनतात आणि थायोफ्लेविन-टी हा दर्शक चमकू लागतो. मेंदूला हात न लावता निदानाची वाट त्यामुळे मोकळी झाली. जीवाणूत घडवलेल्या याच प्रकारच्या प्रथिनाच्या दुमडण्याचा अभ्यास डॉ. जयंत उदगावकर यांच्या गटाने बंगळूरुच्या एनसीबीएसमध्ये केला. २०१७ मध्ये ते पुण्याच्या आयसर संस्थेचे संचालक झाले.

यीस्टमध्येही प्रिऑन असतात, हे रीड विक्नर यांनी १९९४ मध्ये दाखवले. ते माणसाला अपायकारक नाहीत. योग्य जनुकीय खूण असलेल्या वाणात प्रिऑन असेल तर वसाहत पांढरी किंवा फिकट गुलाबी, नसेल तर लाल दिसते, आणि ग्वानिडीन हायड्रोक्लोराइडच्या अल्प मात्रेने पांढरी वसाहत लाल होते. पदव्युत्तर प्रात्यक्षिकासाठी याहून बोलका प्रयोग मला तरी ठाऊक नाही. यीस्टच्या वाणांसाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील एनसीआयएम हा संग्रह आहे; मागणीपूर्वी हवी ती खूण त्या वाणात आहे का, हे विचारून घ्यावे. महागडी उपकरणे कोठे वापरावयास मिळतील, हे २०२० मध्ये सुरू झालेल्या आय-स्टेम या राष्ट्रीय संकेतस्थळावर शोधता येते. मूल्यांकन समितीच्या भेटीपुरते आच्छादन काढले जाणारे यंत्र विकत घेण्यापेक्षा हा मार्ग बरा. प्रोटीन डेटा बँकेतील प्रिऑन प्रथिनांच्या रचना तर संगणक आणि इंटरनेट असलेल्या कोणालाही विनामूल्य खुल्या आहेत.

आपल्या जिल्ह्यातून या साठ्यात भर घालता येईल, असा एक विषय सुचवतो. पीआरएनपी जनुकाच्या १२९ व्या स्थानी मेथिओनिन आहे की व्हॅलिन, यावर सीजेडीचा धोका आणि रोगाचे स्वरूप काही अंशी अवलंबून असते. हे तपासण्यास रुग्णाची ऊती लागत नाही. निरोगी स्वयंसेवकांच्या रक्तातील डीएनए, पीसीआर आणि निर्बंधक विकर एवढ्यावर काम होते. मानवी संशोधन नीतिमत्ता समितीची मान्यता व लेखी संमती घेऊन मराठवाड्यातील लोकसंख्येत या दोन रूपांचे प्रमाण काढता येईल. पीसीआर यंत्र आपल्याकडे नसेल, तर ते जवळ कोठे आहे हे पाहण्यापासून सुरुवात करता येते.